पेन्सिलची फुली

सत्तावीस मार्च, बुधवार. सकाळी सव्वानऊला वृंदा टोकियोतल्या हिरो स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये पासपोर्ट होता, दोन फोटो होते आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. फोटो आणि वही तिची तिनेच ठेवली होती. पासपोर्टसाठी मात्र नवऱ्याच्या मागे तीन आठवडे लकडा लावावा लागला होता. सुशील त्याचा, तिचा आणि मुलीचा असे तिघांचे पासपोर्ट एका रबरबँडमध्ये बांधून स्वतःच्या ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. रोज सकाळी "हो गं, आणतो" म्हणायचा आणि संध्याकाळी हात हलवत यायचा. काल एकदाचा त्याने गठ्ठा घरी आणला, आणि त्यातला आपला पासपोर्ट ओढून घेऊन वृंदाने तो न उघडताच पर्समध्ये टाकला. ही चूक तिची. नंतर दिवसभर ती स्वतःला हे सांगत होती, पण त्यामुळे राग कमी होत नव्हता.

ती कावासाकीतल्या एका लहान ट्रॅव्हल एजन्सीत काम करत होती. ऑफिस स्टेशनपासून चार मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला वेगळी परवानगी काढून जेवढे तास काम करता येतं, तेवढेच तास. पुण्यात असताना तिने सहा वर्षं जर्मन शिकून सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, आणि एजन्सीत जर्मन येणारं दुसरं कोणी नव्हतं. सुरुवातीला तिच्याकडे हॉटेलांच्या पत्रांची भाषांतरं यायची. मग गेल्या वर्षी निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळाने विचारलं, की मोठी शहरं नकोत, राजवाडे नकोत, एखाद्या नदीकाठी आठवडाभर हळूहळू फिरायचंय. वृंदाने त्यांना जर्मनीतली मोझेल सुचवली. चौदा माणसं, सोळा एप्रिल ते पंचवीस एप्रिल. आणि सोबत जाणार होती ती स्वतः. एजन्सीचे मालक हासेगावा-सान यांनी ते डिसेंबरातच कबूल केलं होतं.

सुशीलला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो मनापासून हसला होता. "वरणभात खाणारी बाई वाइनच्या गावांची टूर काढणार! तुला चव तरी माहितीये का?"

"मला बोटीचं टाइमटेबल माहितीये," ती म्हणाली होती.

आणि ते खरं होतं. वहीत सगळं होतं. मोझेल सरळ अशी वाहतच नाही. त्रियरहून निघालेली नदी कोब्लेन्झला पोचेपर्यंत इतकी वळते, की सकाळी डाव्या हाताला दिसलेला चर्चचा मनोरा दुपारी उजव्या हाताला येतो. दोन्ही काठांवर काळ्या पाटीच्या दगडाचे उभे उतार. एप्रिलमध्ये त्यावर हिरवं पान नसतं. प्रत्येक द्राक्षवेलीला तिचा स्वतःचा खांब, आणि गेल्या वर्षीच्या दोन फांद्या वाकवून, बदामाच्या आकारात त्या खांबाला बांधलेल्या. उघड्या उतारांच्या मधेमधे पीचची झाडं, आणि ती फुलली तर सगळ्या डोंगरात तेवढाच गुलाबी रंग. ज्या शेतकऱ्याला घरची वाइन विकायची असते तो दारावर फांद्यांची मोळी टांगतो. मोळी दिसली तर आत जायचं, नाही दिसली तर दार वाजवायचं नाही. कुठल्या धक्क्याला किती पायऱ्या, त्यातल्या किती बिनकठड्याच्या, कुठे बसायला बाक, कुठे स्वच्छतागृह. शिक्षकांपैकी पाचजणांचे गुडघे दुखत होते. वृंदाने यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. सगळं फोनवरून, बेर्नकास्टेलच्या जवळच्या एका गावात खाणावळवजा लॉज चालवणाऱ्या फ्राउ टीलेनकडून, म्हणजे टीलेनबाईंकडून, तिने मिळवलं होतं. दर बुधवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे तिथे सकाळी नऊला, न्याहारीची भांडी आवरून फ्राउ टीलेनचा फोन यायचा. तिला जर्मनखेरीज कुठलीही भाषा येत नव्हती.

जर्मन वकिलातीच्या खिडकीमागच्या जपानी बाईंनी फॉर्म तपासला, फोटो तपासले, पासपोर्टची पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या.

"हा परतीचा परवाना वापरून झालाय."

"म्हणजे?"

त्यांनी पासपोर्ट काचेखालून सरकवला आणि बोट ठेवलं. जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला देशाबाहेर जायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढावा लागतो. तो नसताना गेलं, तर इथला मुक्काम विमानतळावरच संपतो. हा परवाना दोन प्रकारचा मिळतो. एकदा जाऊन येण्याचा, किंवा वर्षभरात हवं तितक्यांदा जाण्यायेण्याचा. वृंदाच्या पासपोर्टवर ऑक्टोबरचा, एकदाचा होता. दिवाळीला पुण्याला जाऊन आल्यावर नारिता विमानतळावर त्यावर "वापरला" असा शिक्का बसला होता.

"तुम्हाला जपानमध्ये परत येता येईल की नाही, हे यावरून कळत नाही. त्यामुळे अर्ज घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "व्हिसाला आठ-दहा दिवस लागतात. उद्या बाराच्या आत परवाना घेऊन आलात, तर सोळा तारखेच्या आधी होईल. परवा आलात तर सांगता येत नाही."

बाहेर चेरीच्या झाडाखाली पब्लिक फोन होता. वृंदाने कार्ड घातलं आणि सुशीलच्या ऑफिसला फोन लावला.

"ऑक्टोबरमध्ये तू माझा परवाना सिंगल काढलास?"

"कुठला परवाना? अच्छा, तो. हो, सिंगलच असेल. का?"

"आणि तुझा?"

"माझा मल्टिपल. मला सिंगापूरला जावं लागतं ना." तो थांबला. "का, काय म्हणाले? घेत नाहीत का अर्ज?"

"नाही घेत."

"अरेरे," सुशील म्हणाला. आणि त्या अरेरेमध्ये वृंदाला सुटका ऐकू आली. एखाद्याकडे जेवायला जायचं रद्द झालं, की माणूस असं अरेरे म्हणतो. "जाऊ दे मग. पुढच्या वर्षी बघू. नुपूरची शाळा पण आता आठ तारखेला सुरू होतीये."

"मी योकोहामाला चाललेय. इमिग्रेशनला."

"अगं, तुला एकटीला नाही देणार ते. डिपेंडंटचं सगळं स्पॉन्सरने करायचं असतं. मी यायला हवं, आणि मला आज दोनला मीटिंग आहे. उगाच हेलपाटा पडेल."

"मग पडू दे," म्हणून तिने फोन ठेवला. यंत्रातून कार्ड बाहेर आलं. ते घ्यायला ती विसरली, आणि वीस पावलांवरून परत आली.

गाडीत बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. ऑक्टोबरातली ती संध्याकाळ आता तिला स्वच्छ आठवत होती. जेवणाच्या टेबलावर तीन फॉर्म. ती पोळ्या लाटत होती. सुशीलने दोन फॉर्मवर तळाशी पेन्सिलने लहानशा फुल्या केल्या होत्या. "वृंदा, जिथे फुली तिथे सही कर. तुझ्यावर तुझी, नुपूरच्यावर पण तूच कर." तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि सह्या केल्या. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. साडेचार वर्षं हे असंच चाललं होतं. बँकेचा फॉर्म, शाळेचा फॉर्म, वॉर्ड ऑफिसचा फॉर्म. सुशीलला याचा अभिमान होता. मित्रांमध्ये तो सांगायचा, "हिला मी कसल्याच कागदाचा त्रास होऊ देत नाही." आणि ती सहा वर्षं परकी भाषा शिकलेली, चौदा माणसांचे गुडघे आणि तेरा धक्क्यांच्या पायऱ्या तोंडपाठ असलेली बाई, फुली बघून सही करत आली होती.

योकोहामातल्या इशिकावाचो स्टेशनवरून ती जवळजवळ पळतच गेली. बाराला खिडकी बंद होत होती. अकरा छप्पन्नला तिने नंबराची चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर एकशे एकोणतीस होतं, वरच्या बोर्डावर अठ्ठ्याऐंशी. मग एक तासाची सुट्टी. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ब्राझीलची कुटुंबं, फिलिपिनो बायका, दोन चिनी विद्यार्थी. भिंतीशी फॉर्म ठेवलेले होते. तिने एक घेतला, मग विचार करून आणखी एक घेतला आणि वहीत ठेवला.

फॉर्म एका पानाचा होता. नाव, जन्मतारीख, पत्ता. प्रवासाचं कारण. इथे सुशीलने "माहेरची भेट" लिहिलं असेल, हे तिला माहीत होतं. तिने जपानीत लिहिलं: काम. त्याखाली दोन शब्द, एकदा आणि अनेकदा, हवा त्याला गोल करायचा. पाव इंचाची जागा. तिने "अनेकदा"ला इतका जोर लावून गोल केला, की पेन कागदाच्या पलीकडे गेलं. मग नवा फॉर्म घेऊन ते सगळं परत लिहावं लागलं.

दोन चाळीसला नंबर आला. खिडकीत चष्मा लावलेला एक मध्यमवयीन कारकून होता. त्याने फॉर्म पाहिला.

"माझा नवरा ऑफिसात आहे," वृंदा आधीच बोलली. "त्याची सही लागेल का? मी फॅक्सने मागवू शकते."

"कशासाठी?"

"तो स्पॉन्सर आहे."

"व्हिसा वाढवताना लागते. याला नाही." कारकुनाने तिचं ओळखपत्र पासपोर्टशी ताडून पाहिलं. "परवाना ज्याचा, सही त्याची. खाली दुकानात मुद्रांक मिळतो, तो इथे चिकटवून आणा."

"नवरा बरोबर असावा लागतो का?"

"नाही."

"आधी कधी लागायचा? चार-पाच वर्षांपूर्वी?"

कारकुनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मागे एकशे तिसावा नंबर उभा होता. "कधीच नाही," तो म्हणाला.

खालच्या दुकानातून मुद्रांक आणून तिने तो फॉर्मवर चिकटवला. सुशील खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खोटं बोलायला माणसाला विचार तरी करावा लागतो. याने विचारच केला नव्हता. नियम असेलच असं तो धरून चालला, कारण तसा नियम असणं त्याला स्वाभाविक वाटलं होतं. आणि तिलाही वाटलं होतं.

तीन वीसला शिक्का बसला. तिने खालूनच एजन्सीला फोन केला.

"ब्रिंदा-सान," हासेगावा-सान म्हणाले. ऑफिसात सगळे तिला ब्रिंदाच म्हणत. "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता, साडेबाराला. व्हिसाचं जमत नाही म्हणून कळवलं त्यांनी. फार व्यवस्थित बोलले. आयत्या वेळी तुम्हाला त्रास होतोय म्हणून तीनतीनदा माफी मागितली. तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्या जागी कुरोदा-सानचं नाव घातलंय."

पलीकडे हासेगावा-सान "मोशी मोशी? हॅलो?" म्हणत राहिले.

"विमान कंपनीला यादी गेली?"

"सहाला पाठवायची आहे."

"मी येतेय," ती म्हणाली. "यादी पाठवू नका."

चार पस्तीसला ती जिना चढून आत आली. ऑफिसात सहा टेबलं होती. खिडकीशी हासेगावा-सान, साठीच्या घरातले, आवाज न चढवणारे. त्यांच्यासमोर कुरोदा-सान, पंचेचाळिशीचा, वीस वर्षं हवाई आणि ग्वामचे ग्रुप नेणारा. त्याच्या टेबलावर मोझेलचा नकाशा उघडलेला होता.

वृंदाने पासपोर्ट उघडून हासेगावा-सानसमोर ठेवला. "परवाना मिळाला. उद्या सकाळी व्हिसाचा अर्ज. तेरा तारखेच्या आत व्हिसा मिळेल."

हासेगावा-सानांनी पान नीट पाहिलं. मग दोन्ही हातांनी पासपोर्ट परत केला. "कष्ट घेतलेत. पण ब्रिंदा-सान, तुमच्या मिस्टरांनी स्वतः फोन करून सांगितल्यावर... तुमच्या घरात यावर दोन मतं असतील, तर मी तुम्हाला पाठवणं बरोबर दिसणार नाही. लहान मुलगी आहे तुमची."

"हासेगावा-सान, कुरोदा-सानना तीन मुलं आहेत. त्यांच्या बायकोचं मत विचारलंत?"

कुरोदा खोकला. "मी काही हे मागून घेतलेलं नाही हं," तो म्हणाला. "मला खरं तर मे महिन्यात ग्वाम आहे."

"मला माहितीये, कुरोदा-सान. तुमच्यावर नाही रागावले मी."

कोणी रागावलंय असं ऑफिसात मोठ्याने म्हणायची पद्धत नव्हती. तिकिटांच्या टेबलावरच्या दोघी मान खाली घालून काहीतरी टाइप करू लागल्या.

"एक विनंती होती," कुरोदा जरा वेळाने म्हणाला. "तुमची वही बघायला मिळेल का? तयारीला."

वृंदाने वही पर्समधून काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. कुरोदाने उघडली. पहिलं पान, दुसरं, दहावं. सगळं मराठीत होतं. गावांची नावं मराठीत, पायऱ्यांचे आकडेही मराठीत. मुद्दाम नव्हे. फोन कानाशी धरून भराभर लिहायचं तर हात आपोआप त्याच अक्षरांकडे जायचा. कुरोदाने वही आडवी धरून पाहिली, मग मिटून हलकेच परत सरकवली.

"याचं जपानी करायला किती दिवस लागतील?" हासेगावा-सानांनी विचारलं.

"माझ्या परवानगीतल्या तासांत? जूनपर्यंत होईल."

कोणी हसलं नाही. कुरोदाच्या ओठांचा कोपरा मात्र हलला.

पाच वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. बुधवार होता. सगळ्यांना माहीत होतं कोणाचा ते.

"ब्रिंदा-सान," हासेगावा-सान म्हणाले, "त्यांना तेवढं सांगाल का, की आता कुरोदा-सान येणार आहेत? खोल्या तर त्यांच्याकडे नुसत्या शब्दावर आहेत. कागद काहीच नाही."

"नाही," वृंदा म्हणाली. "जो जाणार आहे त्याने सांगावं." तिने रिसीव्हर उचलला आणि बोलायच्या बाजूवर हात धरून कुरोदाकडे केला.

कुरोदाने तो दोन्ही हातांनी घेतला. "हॅलो," तो इंग्रजीत म्हणाला. "धिस इज कुरोदा. जपान. कावासाकी." पलीकडून फ्राउ टीलेनचा आवाज आला. ती नदीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखी बोलायची. शब्द सगळ्या ऑफिसला ऐकू येत होते आणि कळत एकट्या वृंदालाच होते. फ्राउ वृंदा कुठे आहेत? आजारी आहेत का? तुम्ही कोण? मंगळवारच्या बोटीचं काय करायचं, ती बदललीये, हे मी कोणाला सांगू? कुरोदा मध्येमध्ये "येस, येस" म्हणत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने रिसीव्हर हासेगावा-सानना दिला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकला आणि वृंदापुढे धरला.

वृंदाने हात पुढे केला नाही.

"बोटीबद्दल काहीतरी सांगतायत," ती म्हणाली. "महत्त्वाचं आहे. यादीत नाव कोणाचं आहे, हासेगावा-सान?"

रिसीव्हरमधून "हॅलो? हॅलो?" चाललं होतं. हासेगावा-सानांचे कान लाल झाले. ती ऑफिसात होती त्या चार वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं, आणि हे वृंदालाही ठाऊक होतं. ते पुन्हा असं होऊ देणार नाहीत, कदाचित तिला पुढे असं काम देणारही नाहीत, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तरी तिने हात पुढे केला नाही.

त्यांनी मोकळ्या हाताने ट्रेमधून यादी ओढली, पेन्सिल उचलली आणि कुरोदाच्या नावावर रेघ मारली.

"पेनने," वृंदा म्हणाली. "कृपा करून."

त्यांनी पेन घेतलं. रेघ मारली, वर रोमन अक्षरांत तिचं नाव लिहिलं, शेजारी आपला लाल शिक्का उमटवला. मग ती म्हणाली, "आभारी आहे," आणि फोन घेतला.

मंगळवारची दहाची बोट साडेदहाची झाली होती. यंदा थंडी हटत नव्हती, फ्राउ टीलेन सांगत होती. पीचच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या. सोळापर्यंत फुलतील की नाही, सांगता येत नाही, लोकांना आशा लावू नका. पण वेली बांधायचं काम मागे पडलंय, त्यामुळे तुम्ही याल तेव्हा माणसं उतारावर असतील, बांधताना बघायला मिळेल. "पण तो माणूस कोण होता?" तिने विचारलं.

"माझ्या जागी यायचा होता," वृंदा म्हणाली.

"आणि तुम्ही येऊ दिलं नाहीत. बरं केलंत. त्र्याण्णवच्या पुरात माझा नवरा म्हणाला, पाणी भिंतीवरच्या जुन्या खुणेपर्यंतच येतं, खुर्च्या हलवू नकोस. मी हलवल्या. पाणी खुणेच्या वर दोन हात आलं." आणि ती मोठ्याने हसली. वृंदा हसली नाही, पण वहीत तिने ते लिहून घेतलं.

घरी पोचली तेव्हा पावणेसात झाले होते. नुपूर दिवसभर वरच्या मजल्यावरच्या शैलजाताईंकडे होती, ती नुकतीच खाली आली होती. सुशीलने कुकर लावला होता. वृंदाचा चेहरा बघून त्याने गॅस बारीक केला.

"काय झालं? दिलं का त्यांनी?"

तिने पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्याने पान बघितलं आणि तो खरोखर खूश झाला. "अरे वा! शाब्बास! बघ, झालं की नाही काम? मग आता चेहरा असा का?"

"हासेगावा-सानना फोन कशाला केलास?"

"अगं, म्हणजे काय? इथे आयत्या वेळी माणूस गळला की किती पंचाईत होते त्यांची. तू योकोहामात फिरत बसणार, त्यांना कळवणार कोण? मी आपला तुझ्याच भल्यासाठी..."

"मला विचारलंस?"

"तू फोन आपटलास. विचारू कुठे?"

"मी योकोहामाला जाते म्हणून सांगितलं होतं. तू त्यांना काय सांगितलंस? जमत नाही. तुला त्यांची पंचाईत दिसली, सुशील. तीनदा माफी मागितलीस. कोणाच्या वतीने मागितलीस?"

नुपूर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठ वर्षांची. भांडण दिसलं की ती हटकून जपानीत बोलायची. "मामा, इकु नो?" तिने हळूच विचारलं. आई, तू जाणार आहेस?

"जाणार आहे."

"अगं हो, जा ना," सुशील म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? मी कधी नाही म्हटलंय तुला कशाला?"

"सिंगल का लिहिलंस?"

"ते आठवत पण नाही मला. तीन फॉर्म भरायचे होते, भरले. सहज लिहिलं असेल. तू जातेस कुठे वर्षातून एकदा आईकडे सोडून?"

कुकरची शिट्टी झाली. कोणी हललं नाही, म्हणून नुपूरने पुढे होऊन गॅस बंद केला.

"तेच," वृंदा म्हणाली. "सहज. आज खिडकीतल्या माणसाने सांगितलं, नवऱ्याची सही कधीच लागत नव्हती. कधीच. तू विचारलं होतंस कोणाला?"

"सगळे तसंच करतात," सुशील म्हणाला. "प्रकाशच्या घरी पण बायकोचे कागद तोच करतो. मला वाटलं..."

"फोन लाव."

"कोणाला?"

"हासेगावा-सानना. सातपर्यंत असतात ऑफिसात."

"आत्ता? काय सांगू? झालं ना आता सगळं सुरळीत? ते आणखी अवघड होईल त्यांना."

"होऊ दे. दुपारी ज्या आवाजात बोललास त्याच आवाजात बोल."

तो तिच्याकडे बघत राहिला. बारा वर्षांच्या संसारात ती रुसली होती, रडली होती, दोन-दोन दिवस अबोला धरला होता. असं सरळ उभं राहून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वाट पाहिली नव्हती. त्याने नंबर फिरवला. हासेगावा-सान फोनवर आल्यावर तो रिसीव्हर धरून भिंतीसमोर वाकला, दुपारी बहुधा वाकला असेल तसाच. त्याचं जपानी चांगलं होतं. तो म्हणाला, दुपारी तुम्हाला विनाकारण तसदी दिली, क्षमा असावी. आणि फोन ठेवायला गेला.

"कशाबद्दल ते सांग," वृंदा मराठीत म्हणाली.

सुशीलचा चेहरा उतरला. मुलगी बघत होती. "मी बायकोला न विचारता फोन केला," तो जपानीत म्हणाला, शब्द एकेक करून. "मी सांगितलं ते खरं नव्हतं. तिच्या कामाबद्दल यापुढे तीच सांगेल." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. तो आणखी दोनदा वाकला आणि फोन ठेवून खुर्चीवर बसला.

"झालं समाधान?"

"नाही," वृंदा म्हणाली. ते खरंच होतं. राग सकाळी होता तेवढाच होता, फक्त आता तो तिला नीट दिसत होता.

तिने घरी राहिलेल्या दोन पासपोर्टांचा रबरबँड सोडवला. सुशीलचा पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवला, नुपूरचा आपल्यापुढे घेतला. तो उघडून पाहिला. ऑक्टोबर, एकदा, वापरला. मग निळ्या वहीतून दुसरा कोरा फॉर्म काढला आणि जेवणाच्या टेबलावरच भरायला बसली. नाव, जन्मतारीख, पत्ता. उद्या वकिलातीचं काम आटोपलं की तिथूनच योकोहामा. नुपूर शेजारी येऊन हनुवटी टेबलावर टेकून बघत राहिली. "अनेकदा"ला वृंदाने गोल केला, या वेळी बेताचा जोर लावून.

सुशील पलीकडून उलटं वाचत होता. "हिला कशाला मल्टिपल?" तो सवयीने म्हणाला. "ही कुठे..."

आणि थांबला.

वृंदाने पेन वर धरलं. तो वाक्य पुरं करतो का, याची तिने वाट पाहिली. नुपूरही त्याच्याकडे बघत होती. त्याने पाण्याचा पेला उचलला, पाणी प्यायला आणि कुकर उघडायला आत गेला.

पालकाच्या सहीची जागा कोरी होती, तिथे पेन्सिलची कुठलीही खूण नव्हती. वृंदाने फॉर्म वरपासून खालपर्यंत एकदा वाचला. मग सही केली.